मशीन ‘ब’ आणि आमच्या कंबरा

कंबरदुखीवर काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. तुम्ही काय करता एवढं कोणी विचारलं आणि तुम्ही खरं उत्तर दिलंत, की संपलं. समोरचा माणूस वळून पाठमोरा उभा राहतो आणि अंगठा टेकवून सांगतो, ‘‘इथे. बरोब्बर इथे.’’

विरारला चुलत नणंदेच्या लग्नात मी आहेर द्यायला स्टेजवर चढले, तर नवरदेवाच्या काकांनी आहेर बाजूला ठेवला आणि फोटोग्राफरकडे पाठ केली. त्या फोटोत नवरा-नवरी हसतायत, काका पाठमोरे आहेत आणि माझं बोट त्यांच्या शेरवानीवर आहे. फोटो अजून अल्बममध्ये आहे. त्या घरी मी जायचं टाळते.

तर असे किस्से साचत जातात. इतर लोक आपल्या नोकरीतल्या गमती सांगताना रंगात येतात. आमच्या सांगायच्या म्हणजे आधी मान खाली घालावी लागते. तरी सांगते, तुम्ही घरचेच आहात, आणि चहा यायला अजून वेळ आहे.

आम्ही तिघं. सर हाडांचे डॉक्टर. ऑपरेशनं करता करता त्यांना एक प्रश्न छळायला लागला: ज्यांच्या मणक्यात मोठं काही सापडत नाही, त्यांची कंबर वर्षानुवर्षं का दुखते, आणि दुखायची थांबते ती कशाने? त्यातून हा अभ्यास सुरू झाला. जेनिफर वसई गावातली. फोन, वेळा, पेशंटची मनधरणी आणि सरांना वेळेवर जेवायला लावणं तिच्याकडे. आणि मी फिजिओथेरपिस्ट. माणिकपूरला एका बेकरीच्या वर, पहिल्या मजल्यावर आमचं सेंटर. लिफ्ट नाही. कंबरदुखीच्या अभ्यासाला आम्ही जिना असलेली जागा निवडली, यातच आमची हुशारी आली.

आणखी एक गोष्ट आहे, ती पेशंटना कळू द्यायची नाही असं आमचं ठरलंय. आमच्या तिघांच्याही कंबरा दुखतात.

*

वसईत एका चर्चच्या हॉलमध्ये सरांचं भाषण होतं. रविवारच्या मिस्सानंतर ज्येष्ठ मंडळी थांबली होती. विषय, ‘कंबरदुखीला घाबरू नका’.

सर छान बोलत होते. ‘‘वाकायला भिऊ नका. कणा वाकण्यासाठीच दिलेला आहे,’’ असं म्हणून त्यांनी मुद्दाम पेन खाली टाकलं आणि ते उचलायला वाकले. आणि तिथेच राहिले.

मग पुढच्या रांगेतल्या एका मावशीला वाटलं, हा व्यायाम आहे. ती उठली आणि वाकली. तिच्या शेजारचे वाकले. बघता बघता सगळा हॉल वाकला.

जेनिफरने प्रसंग ओळखला. तिने माइक घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, ‘‘छान. आता सगळ्यांनी असंच थांबा. श्वास सोडा. काही घाई नाही.’’

मी सरांजवळ गेले. जमिनीकडे बघतच ते पुटपुटले, ‘‘लाइट घालवता येतील का?’’

शेवटी मी आणि जेनिफरने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून, तशाच अवस्थेत, मागच्या दाराने नेलं. परत येताना गाडीत कोणी कोणाकडे बघितलं नाही.

पुढे कधीतरी वसईच्या बाजारात एक गृहस्थ सरांना भेटले. म्हणाले, ‘‘डॉक्टर, तो वाकून थांबायचा व्यायाम आमचा सगळा ग्रुप रोज सकाळी मैदानावर करतो. फार फरक आहे. फक्त शेवटी दोन बायकांनी धरून न्यायचं असतं, ते कशासाठी?’’

*

आता माझ्या घरचं.

कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसाचा एमआरआय काढला, तरी त्यात झीज दिसते, मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते. ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे आणि पेशंटला कधीच पटत नाही. सरांना म्हणून न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय हवे होते. मी मोठ्या तोऱ्यात सासूबाईंचं नाव दिलं. आमचं घर नालासोपाऱ्यात तिसऱ्या मजल्यावर. पाणी गेलं की सासूबाई खालून बादल्या भरून आणायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. कंबर दुखणं म्हणजे काय ते त्यांना ऐकूनच माहीत.

रिपोर्ट आला. त्यात काय नव्हतं! मणके झिजलेले, गादी दोन ठिकाणी सरकलेली. सर तर खूश झाले. ‘‘अप्रतिम,’’ म्हणाले.

मी घरी येऊन कौतुकाने रिपोर्ट वाचून दाखवला. सासूबाईंनी हातातली बादली हळूच खाली ठेवली.

‘‘म्हणजे मला एवढं सगळं झालंय?’’

‘‘झालंय, पण तुम्हाला त्याचा काही त्रास नाही. तीच तर गंमत आहे.’’

‘‘तुला गंमत वाटते,’’ त्या म्हणाल्या आणि जाऊन आडव्या पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची कंबर दुखायला लागली ती आजतागायत. खोटं दुखत नाही, खरंच दुखतं. त्यामुळे मला काही बोलताही येत नाही. मी सगळे उपाय केले. मजल्यावर कोणी तब्येत विचारली की सासूबाई माझ्यासमोरच सांगतात, ‘‘मी चांगली होते. हिने मला मशीनमध्ये घातलं.’’

*

आता मुख्य अभ्यासाकडे येते. आमच्याकडे दोन मशिनी होत्या, दिसायला अगदी जुळ्या. कंबरेला पॅड चिकटवायचे, बटण दाबायचं, दिवा लागतो, बारीक घुं-घुं आवाज येतो, अर्धा तास पालथं पडून राहायचं. एका मशीनमधून बारीक, जाणवणारही नाही असा करंट जायचा, दुसरीतून काहीच नाही. एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘ब’. कुठली खरी, ते अभ्यास संपेपर्यंत आम्हालाही कळणार नव्हतं. पेशंटला आधीच वाचून दाखवायचो की तुम्हाला करंटवाली मशीन लागेल किंवा बिनकरंटची, कुठली ते शेवटी सांगू. पेशंट मान हलवायचे. डॉक्टरसमोर आपली माणसं कशालाही मान हलवतात, आणि आम्ही त्याला संमती म्हणतो.

गासहून मोरेश्वरकाका आले तेव्हा बरोबर त्यांच्या बायको, इंदूकाकी होत्या. गासला त्यांची वाडी; भाजीपाला आणि मोगरा. घरात दोघंच. मुलगा नितेश अंधेरीला नोकरीला, विरारला त्याचा फ्लॅट.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. ‘‘काका, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तुमचं किती?’’

काकांनी काकींकडे बघितलं. ‘‘दोन.’’

दोनवाल्यांना आम्ही घेत नव्हतो. ‘‘एवढंच असेल तर तुम्हाला मशीनची गरज नाही,’’ असं जेनिफर सांगत होती, तेवढ्यात काकी पाव घ्यायला खाली बेकरीत गेल्या. त्यांची पावलं जिन्यावर ऐकू आल्याबरोबर काकांनी स्टूल पुढे ओढलं.

‘‘आठ. पन तिला सांगू नका. पान्याचे पाइप मी उचलतो, मंग ती उचलंल. आनि पोराला तर नायच. तो वाट बघतोय. वाडी कोनाला तरी चालवायला द्या नि विरारला येऊन ऱ्हावा, म्हनतो. एकदा कंबर दुखते म्हटलं का झालं त्याचं काम.’’

‘‘मग इथे आलात ते मुलाला, शेजाऱ्यांना काय सांगून?’’

‘‘बँकेत चाललो म्हनून.’’

त्या दिवसापासून आम्ही प्रत्येकाला एकटं गाठून विचारायला लागलो. नवऱ्यांना बायकोशिवाय, सासवांना सुनेशिवाय. सगळ्यांचे आकडे असे काही वर गेले की सरांना वाटलं, तालुक्यात साथ आली.

काकांना ‘ब’ मशीन आली. चार-पाच खेपांनंतर ते जिना भराभर चढायला लागले. पुढे पुढे तर येताना मोगऱ्याचा गजरा आणायचे, आणि तो आम्हाला नाही, मशीनला घालायचे.

*

हॉलमधल्या प्रकारानंतर सर दुपारी जेवण झालं की पडद्यामागे जायचे. आम्हाला वाटायचं वाचत असतील. एकदा जेनिफर पॅड आणायला आत गेली आणि तशीच बाहेर आली. मग मी बघितलं. सर पालथे पडलेले, शर्ट वर, कंबरेला पॅड, मशीनचा दिवा चालू.

‘‘क्वालिटी चेक,’’ सर उशीत तोंड घालून म्हणाले.

क्वालिटी चेक रोज व्हायला लागला, आणि तो नेहमी ‘ब’चाच व्हायचा. जेनिफरने एकदा न राहवून विचारलं, ‘‘सर, ‘अ’ला का नाही चेक करत?’’

सर म्हणाले, ‘‘‘अ’मध्ये दम नाही.’’

*

पेशंटची रोजची कामं कशी असतात ते बघायला आम्ही घरोघरी जायचो. गासला गेलो ती भाड्याच्या गाडीतून. गाडीच्या दोन्ही अंगांना आमचा बॅनर: पाठीचा भलामोठा सांगाडा, कंबरेवर लालभडक ठिपका आणि खाली ‘कंबरदुखी संशोधन प्रकल्प’. गाडी आम्ही मोरेश्वरकाकांच्या दारातच लावली. जो माणूस बँकेत जातो म्हणून सांगून येतो, त्याच्या दारात. रविवार होता. नितेश अंगणात बाइक पुसत होता.

आजूबाजूची माणसं गोळा झाली. शेजारच्या एकाने कुंपणावरून विचारलं, ‘‘मोरेश्वर, कोनाची कंबर गेली रं?’’

काका हातात फावडं घेऊन उभे. त्यांचा चेहरा मला बघवेना. जेनिफर बॅनर पाठीने झाकायला गेली, पण ती केवढी आणि बॅनर केवढा.

इंदूकाकी ओट्यावरून खाली उतरल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘माजी.’’

मग काय, सगळ्यांदेखत मला त्यांना तपासावं लागलं. ओट्यावर चटई टाकली, त्या पालथ्या झोपल्या. मी कमरेच्या जरा खाली दाबलं आणि काकींनी पदराचा बोळा तोंडात धरला. मला वाटलं, छान वठवतायत. मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, ‘‘काकी, एवढं नको. पटलं सगळ्यांना.’’

‘‘हात काढ, बाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाटक नाय.’’

मी हात काढला. एवढी वर्षं हेच काम करते मी. काका येऊन पालथे पडायचे तेव्हा ही बाई बाहेर बाकावर त्यांच्या चपला सांभाळत बसायची आणि उठताना भिंतीला धरून उठायची. ते मी दर वेळी बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘ह्यांना सांगू नको,’’ काकी चटईत तोंड घालून म्हणाल्या. ‘‘ह्यांच्यासाठी सोंग केलं, असंच समजू दे.’’

नितेशने बाइकचं फडकं खाली टाकलं. ‘‘बास आता, आई. ह्या वर्षी वाडी देऊन टाकू. तुम्ही असे वाकून काम करता, माझ्या ऑफिसातले लोक विचारतात, आईवडिलांना अजून शेतात राबवतोस? काय सांगू मी त्यांना?’’ त्याचे डोळे भरले होते. मुलगा वाईट नाही. त्यालाही लाजच वाटत होती, फक्त वेगळ्या गोष्टीची.

काका मागे वळले आणि वाफा खणायला लागले. काकी ताठ उठल्या, चुलीकडे गेल्या आणि आमच्यासाठी चहा टाकला. तो चहा आम्ही तिघांनी खाली बघून प्यायलो.

काकींना अभ्यासात घेता येत नव्हतं, कारण नवीन नावं घेणं तोवर बंद झालं होतं. अभ्यासाबाहेर येऊन दाखवून जा, म्हणून जेनिफरने कितीदा फोन केला. दर वेळी काकी म्हणायच्या, ‘‘मोगरा संपला का येते.’’

*

अभ्यास संपला आणि खरं-खोटं उघड झालं. बंद मशीन होती ‘ब’.

सरांनी तीनदा विचारलं, ‘‘नक्की?’’ मग उठून पडद्यामागे गेले आणि मशीनकडे बघत उभे राहिले. मशीनच्या डोक्यावर काकांचा कालचा गजरा होता, सुकत आलेला.

‘‘तुम्ही सांगाल त्यांना?’’ सरांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. जेनिफरनेही नाही म्हटलं.

मोरेश्वरकाका आले, बरोबर काकी. काकी बाहेर बाकावर बसल्या. सरांनी काकांना आत घेतलं, दार लावलं आणि सांगितलं. मी कोपऱ्यात उभी होते. काका बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

‘‘म्हंजे मी सोंग केलं?’’

‘‘नाही,’’ सर म्हणाले. ‘‘दुखत होतं ते खरं. थांबलं तेही खरं. का थांबलं ते मला नीट सांगता येत नाही, आणि मी डॉक्टर आहे.’’

‘‘पोरगा काय म्हनंल? म्हनंल, बंद मशीननं बरं झालं तर दुखत काय होतं तुमचं.’’

सर खुर्चीत अवघडले. मग आजवर आम्हा दोघींशिवाय कोणाला कळू दिलं नव्हतं, ते बोलून गेले, ‘‘काका, माझीही कंबर त्याच मशीनने दुखायची थांबली होती.’’

काकांनी मान वर केली. ‘‘तुमची पन दुखते?’’

‘‘दुखते.’’

‘‘मंग असं हाय तर,’’ काका म्हणाले आणि पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकून बसले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘तीच मशीन हिला लावा. हिची दुखते. मना सांगत नाय. त्या दिवशी ओट्यावर सोंग केलं, असं मंग म्हनाली. हिला सोंग जमत नाय, मी ओळखतो ना.’’

‘‘त्यांना चालू मशीन लावू,’’ सर म्हणाले. ‘‘शिवाय व्यायाम आहेत, ते ह्या शिकवतील.’’

‘‘ते उद्यापासून करा काय ते. आज तीच लावा, बंदवाली. करंटला भिते ती. पन बंद हाय हे तिला सांगू नका.’’

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. काकांनी आमच्या दोघांची वाट न बघता सरांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि नितेशला लावला. ‘‘मानिकपूरला कंबरेच्या डॉक्टरकडे हाय. दोघं पन. बँकेत नाय. घ्यायला ये.’’

मी काकींना आत नेलं, पालथं झोपवलं, पॅड लावले, बटण दाबलं. दिवा लागला, घुं-घुं सुरू झालं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, मुठी आवळल्या. माझ्याने काही ते लपवणं होईना. पडदा ओढून घेतला आणि खाली वाकून सांगून टाकलं, ‘‘काकी, ही मशीन बंद आहे. करंट नाही हिच्यात. काकांनी सांगू नको म्हटलंय.’’

काकींच्या मुठी सुटल्या. ‘‘बरं झालं बाय. मी भीत व्हते.’’

‘‘मग काढू का?’’

‘‘अर्धा तास कोन उठवनार नाय ना?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग ऱ्हाऊ दे. आनि मना समजलं, हे ह्यांना सांगू नको.’’

थोड्या वेळात त्या घोरायला लागल्या. अर्धा तास झाला, दिवा आपोआप विझला. जेनिफरने तो परत लावला. बाहेर पेशंट खोळंबले होते, त्यांना तिने खाली बेकरीत चहाला पाठवलं.

नितेश ऑफिस अर्ध्यावर सोडून आला. जिना धावत चढल्यामुळे त्याला धाप लागली होती. काका बाकावर बसले होते, काकींच्या चपला मांडीजवळ घेऊन. त्याला बसूही न देता म्हणाले, ‘‘माजी दुखत व्हती. तुज्या आयची अजून दुखते. काय सांगायचं ते सांग ऑफिसातल्या लोकांना. पन वाडी मी देनार नाय. रविवारी येऊन पाइप तू उचल.’’

नितेशने पुढे होऊन पडदा बाजूला केला. आई पालथी, गाल उशीत, तोंड थोडं उघडं, कमरेला पॅड, दिवा लागलेला.

‘‘आई झोपलीय?’’ तो मोठ्याने म्हणाला. ‘‘दिवसा? मी कधीच बघितलं नाही हिला दिवसा...’’

काकांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडदा परत ओढून घेतला.

‘‘हळू बोल,’’ ते म्हणाले. ‘‘मशीन चालू हाय.’’